नमुन्यातलं सत्तरावं घर

रंगुबाईच्या दारावर सत्तर हा आकडा उमटला तेव्हा ती घरी नव्हती. रहिमतपूरच्या वेशीबाहेर भुईमुगाच्या शेंगा फोडायची गिरणी होती. तिथं दाणे निवडायला ती रोज जाई. संध्याकाळी परत आली तर दाराच्या डाव्या फळीवर गेरूचा वीतभर गोल, आणि गोलात आकडा. अक्षर तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते, कारण गिरणीत टोपल्या मोजाव्या लागत. तिनं पदराचं टोक ओलं करून पुसून पाहिलं. गेरूत डिंक घातलेला असावा. पदर लाल झाला, गोल तसाच राहिला.

आळीत फिरून पाहिल्यावर कळलं, की अशी दारं वीस आहेत. वेशीकडून निघालं की पहिल्या गोलात दहा, पुढच्यात वीस, मग तीस, असं वाढत वाढत आळीच्या दुसऱ्या टोकाला दोनशे. मधल्या दारांवर काही नव्हतं.

हे काम प्रोफेसर खांबेट्यांचं होतं. ते सांगलीकडे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. लढाई संपून सहा महिने झाले होते, महागाई संपली नव्हती. मजुरांची मजुरी, त्यांची घरभाडी आणि सरकारचं चलनाचं धोरण या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते प्रोफेसरांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी ही दोनशे घरांची आळी निवडली होती आणि दर दहावं घर नमुना म्हणून घेतलं होतं. पद्धत शास्त्रशुद्ध होती. तिचे नियम दोनच होते. नमुन्यात आलेलं घर काही झालं तरी बदलायचं नाही. आणि माहिती देणाऱ्याला पाहणीचा हेतू आधी कळू द्यायचा नाही, कारण हेतू कळला की माणूस त्याला साजेल असं उत्तर देतो. रेशनच्या माणसापुढं घरातली तोंडं वाढतात आणि पट्टी वसूल करणाऱ्यापुढं कमी होतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

म्हणून शनिवारी ते आले, रमजान रंगाऱ्याला आकडे काढायला सांगितले, कशासाठी ते कुणाजवळ बोलायचं नाही अशी ताकीद दिली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, पंधरा दिवसांनी, ते प्रश्नांची कार्डं घेऊन येणार होते.

रमजान दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नीटनेटकेपणाची त्याला आवड होती. नुसते आकडे दारांवर उघडे पडल्यासारखे दिसले असते, म्हणून त्यानं घरातला जुना पत्रा काढला. पत्र्यात गोलाची रेघ कापलेली होती. पत्रा फळीवर धरायचा आणि बोळा फिरवायचा, की वीस दारांवर वीस गोल एकसारखे. पत्रा त्याच्या बापाचा होता. बाप वारला तेव्हा रमजान पाच वर्षांचा होता, त्यामुळं पत्रा कशाचा ते त्याला ठाऊक नव्हतं.

ते त्याच्या आईला ठाऊक होतं. हुसेनबी आणि रंगुबाई गिरणीत एकाच ढिगाशी समोरासमोर बसत. सोमवारी दुपारच्या सुट्टीत रंगुबाई तिला घेऊन आली. हुसेनबीनं खाली वाकून गोलाकडं पाहिलं. खालच्या अंगाला रेघ बोटभर तुटलेली होती. तिथं तिनं बोट ठेवलं.

"ह्यो आमच्या घरातला पत्रा हाय," ती म्हणाली. "हितं त्यो वाकल्याला हाय."

"कसला पत्रा?"

"पिलेगचा."

मग हुसेनबीनं सांगितलं ते असं. बावीस वर्षांमागं गावात प्लेग आला, तेव्हा ज्या घरात माणूस दगावलं त्या दारावर गोल काढायचं काम तिच्या नवऱ्याकडं होतं. त्यानं पुष्कळ दारं रंगवली. शेवटचा गोल स्वतःच्या दारावर काढला आणि दोन दिवसांनी तो गेला. ज्या दारावर हा पत्रा लागला ते दार पुन्हा सुखानं उघडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

रमजानला बोलावून आणलं. तो खरं तेच बोलला.

"सांगलीच्या सायबानं सांगितलं, म्हनून काढलं. कशापायी ते कुनाला बोलायचं न्हाई म्हनलेत."

"मला बी न्हाई सांगायचं? आईला?"

"मलाच ठावं न्हाई."

"मंग न बोलायचं ते काय?"

"तेच म्हनतोय म्या. ठावं असतं तर बोललो असतो."

यानंतर आळीत शंका उरली नाही. सांगलीचा साहेब म्हणजे डॉक्टर. बोलायचं नाही म्हणजे गावात घबराट नको. प्रश्न एवढाच होता, की गोलातला आकडा कशाचा. मेलेल्या माणसांचा नसणार, कारण माणसं सगळी होती. तेव्हा तो उंदरांचा, असं ठरलं. प्रत्येक घराखाली किती, ते साहेबांनी यंत्रानं मोजलं असणार. मनुबाईच्या दारावर दहा होते. तिनं येऊन रंगुबाईचा सत्तर पाहिला आणि समाधानानं सुस्कारा सोडला.

"माझ्यात धाच हायेत बया," ती म्हणाली. "मी घुशीची बिळं बुजवत असते येळच्या येळी."

मग सगळ्यांनी उंदीर शोधले. एकही मेलेला उंदीर मिळाला नाही, आणि जिवंतही फारसे दिसले नाहीत. हे सगळ्यात वाईट लक्षण होतं. उंदीर आधीच गाव सोडून गेले होते. टोकाच्या दोनशे नंबरवाल्यानं त्याच दुपारी बैलगाडी जुंपली.

नगरपालिकेचा लस टोचणारा माणूस आला आणि गावात प्लेग नाही असं म्हणाला. त्याला पगार मिळत होता, त्यामुळं त्याचं म्हणणं कुणी धरलं नाही.

प्लेगच्या वेळी काय करायचं हे आळीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नदीपलीकडच्या माळावर झोपड्या घालायच्या. जाताना दार सताड उघडं टाकायचं आणि कौलांच्या चार ओळी उतरवून ठेवायच्या, म्हणजे घरात ऊन पडतं आणि रोग मरतो. बुधवारपर्यंत निम्मी आळी माळावर गेली होती.

रंगुबाई मात्र निघेना. तिला जिवाची भीती नव्हती असं नाही. पण तिच्यापाशी ही खोली होती आणि खोलीवर बरंच काही उभं होतं. तिचा एकुलता मुलगा नाथाजी पलटणीत होता. इटलीत होता, आता पलटण मोडत होती आणि चैत्रात तो सुटून येणार होता. उंब्रजच्या तात्याबांनी आपली मुलगी त्याला द्यायचं कबूल केलं होतं. मुलगा परगावचा, जमीन नाही, बाप नाही. तात्याबांनी या सगळ्याकडं काणाडोळा केला होता तो एका गोष्टीसाठी. "गावात दार लागंल अशी खोली हाय ना? मंग झालं," असं ते म्हणाले होते. फाल्गुनात ते खोली बघायला येणार होते. सुपारी त्यानंतर फुटायची होती.

शेवटी ती मालकाला विचारायला गेली. आळीत लालासाहेबांच्या दहा खोल्या होत्या. लढाईत सरकारनं घरभाडी गोठवली होती, तेव्हापासून ते भाडेकरूंशी फार बोलत नसत. जुन्याचं भाडं वाढवता येत नव्हतं आणि त्याला काढताही येत नव्हतं. पण त्या दिवशी ते चांगलं बोलले. जिवापरीस खोली मोठी नाही, खोली कुठं पळून जात नाही, म्हणाले.

"मंग येते मी, मालक," रंगुबाई म्हणाली.

"ये," लालासाहेब म्हणाले.

ती जपून वागणारी बाई होती. लोकांनी चार ओळी कौलं उतरवली, तिनं आठ उतरवली, भिंतीशी नीट रचून ठेवली. भांडी, गोधडी आणि नाथाजीची पत्रं घेतली. जातं जमिनीत पुरलेलं होतं, ते राहिलं.

प्रोफेसर खांबेटे ठरल्या दिवशी आले. वीस कार्डं एका पेटीत, पेटीला कुलूप. त्यांनी रिकामी आळी पाहिली, उघडी दारं पाहिली, उसकटलेली छपरं पाहिली. त्यांना वाटलं, वस्ती स्थलांतर करते आहे. त्यांच्या मनात एक सिद्धांत बऱ्याच दिवसांपासून होता, की लढाईनंतर मजूर शहरांकडून मोकळ्या जागेकडं वळतील. इतक्या लवकर पुरावा मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

लालासाहेब तिथंच होते. दहा खोल्यांना दहा कुलपं लावून घेत होते. त्यांच्याकडून प्रोफेसरांना खरी हकीकत कळली. प्रोफेसर प्रामाणिक होते. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की प्लेग वगैरे काही नाही, गोल माझे आहेत, पाहणीचे आहेत, आणि लोकांना ताबडतोब तसं सांगायला हवं.

लालासाहेबांनी थोडा विचार केला. मग विचारलं, की हेतू आधी सांगितला तर पाहणी बिघडत नाही का. प्रोफेसर थबकले. या माणसाला शास्त्र कळतं, असं त्यांना वाटलं. कार्डं भरून होईपर्यंत गप्प राहायचं, मग सांगायचं, असं दोघांनी ठरवलं.

कार्डं भरायला आठवडा लागणार होता, पुढं वर्षभर येजा राहणार होती, तेव्हा बसायला जागा हवी होती. विद्यापीठाच्या अनुदानात कचेरीच्या भाड्याची तरतूद होती. लालासाहेबांनी त्यांना सत्तर नंबरची खोली दाखवली. आठ ओळी कौलं नसल्यानं उजेड उत्तम होता.

"इथं कुणी राहत होतं ना?" प्रोफेसरांनी विचारलं.

"हुती एक बाई. गेली सोडून."

"परत येणार असेल."

"येते म्हनली व्हती. पर येते तर सगळेच म्हनत्यात, साहेब. जाताना जाते असं कोन म्हनतं आपल्यात?" लालासाहेबांनी भिंतीशी रचलेली कौलं दाखवली. "ऱ्हायचं असल्यालं मानूस स्वतःच्या हातानं छप्पर उतरवंल का? तुमीच सांगा."

हा युक्तिवाद प्रोफेसरांना खोडता आला नाही. रंगुबाई अडीच रुपये देत असे. भाडं बारा रुपये ठरलं. आळीतली भाडी जवळजवळ पाचपट वाढल्याची नोंद त्यांनी त्या संध्याकाळी केली.

नमुन्यातली घरं बदलायची नव्हती, म्हणून प्रोफेसर रोज नदी ओलांडून माळावर जात आणि दगडावर बसून कार्डं भरत. घरात माणशी मोकळी जागा किती, असा एक प्रश्न होता. लोक माळाकडं हात करत. मागच्या आठवड्यात मजुरी किती मिळाली, असा दुसरा प्रश्न होता. मजुरी वाढली होती, कारण माळ गिरणीपासून दोन मैल होता, बाया येईनात, आणि शेंगांचा ढीग पडून राहिलेला. तेव्हा गिरणीमालकानं रोजावर दोन आणे चालायचे म्हणून दिले होते. प्रोफेसरांनी आठवड्याची मजुरी विचारली आणि तिला चारनं गुणलं. चालायचे पैसे हा रकाना कार्डात नव्हता.

रंगुबाई माळावर दोनदा त्यांना दिसली, पण ते तिच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, घराचा आकडा होता, आणि त्या घरात आता त्यांचं सामान होतं.

एकोणिसावं कार्ड भरून झालं तेव्हा त्यांनी लोकांना गोळा केलं आणि सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. लस टोचणाराही हेच म्हणाला होता. आणखी आठ दिवस कुणी मेलं नाही, शिमगा तोंडावर आला, तेव्हा लोक आपण होऊन परतले. गिरणीमालकानं चालायचे पैसे त्याच दिवशी बंद केले. ढीग पडून नुकसान झालं म्हणून मूळ रोजातला अर्धा आणाही कापला. पण तोवर मजुरीचा रकाना भरून झाला होता.

लालासाहेबांच्या नऊ भाडेकरूंना कुलपं उघडून मिळाली. भाडं सहा रुपये, नवा करार, राजीखुशीनं. दहाव्या दाराशी रंगुबाई डोक्यावर गोधडी घेऊन उभी राहिली. आत टेबल होतं, खुर्ची होती, आणि जात्यावर पाय टेकून प्रोफेसर लिहीत होते.

त्यांनी तिला आत बोलावलं, बसायला चटई दिली. तिचं सगळं म्हणणं ऐकलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. लालासाहेबांना विचारून पाहतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. लालासाहेबांनी वर्षाच्या कराराचा कागद दाखवला. कागदावर सही प्रोफेसरांचीच होती.

"पण एक करता येईल," ते रंगुबाईला म्हणाले. "तुमची हकीकत वाया जाऊ देणार नाही. पुरवणी कार्ड करतो. घर सोडण्याचं कारण सांगा."

"तुमी," रंगुबाई म्हणाली.

"तसं नाही, बाई. कारणं इथं छापलेली आहेत. तीन आहेत. एक, भाडं परवडेना."

"अडीच रुपयं परवडत व्हतं की."

"दोन, मालकानं काढलं."

"मालक तर ये म्हनला."

प्रोफेसरांनी तिसऱ्यापुढं खूण केली. तिसरं कारण होतं, स्वेच्छेनं.

रंगुबाई नगरपालिकेच्या धर्मशाळेच्या ओवरीत राहू लागली. दळायला मात्र ती सत्तर नंबरातच येई, कारण जातं तिथं होतं. प्रोफेसर हरकत घेत नसत. ती दळता दळता खोली झाडून काढी, आठवड्याला सारवी. जमीन तिच्याच हातची होती. दुसऱ्या कुणाला ती तशी दिसावी हे तिला बघवत नव्हतं. महिनाअखेर प्रोफेसरांनी तिला दोन रुपये दिले. ते फुकट काम करून घेणारे नव्हते.

तात्याबांच्या येण्याचा दिवस जवळ आला तेव्हा तिनं त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली. एक दिवस खोली द्या. दुपारपुरती. सोयरे खोली बघून जातील, मग नाथाजी आल्यावर दुसरी कुठली तरी बघू.

प्रोफेसर लगेच कबूल झाले. स्वतः कागद आवरले, टेबल भिंतीशी सरकवलं, कौलं तर त्यांनी आधीच बसवून घेतली होती. हुसेनबीनं पितळेचे दोन पेले आणि एक सतरंजी आणून दिली. दारावरच्या गोलावर रंगुबाईनं आंब्याची डहाळी टांगली.

तात्याबा उन्हं कलायच्या आत आले. त्यांनी आढ्याकडं पाहिलं, भिंतीवर हात मारला, दार लावून उघडून पाहिलं, कडी वाजवली. जातं पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला.

"दळाय भायेर जावं लागनार न्हाई पोरीला," ते म्हणाले. "हे लय बेस."

"दीर न्हाई, नणंद न्हाई," हुसेनबी म्हणाली. "आन सासू ही अशी. बोलती कवा ते बी कळत न्हाई. पोर सुखात राहील, पावनं."

"ह्ये टेबल पोराचं का?"

"पलटणीतली सवय," हुसेनबीनं सांगून टाकलं.

रंगुबाई चुलीकडं वळली. चहाला आधण आलं होतं. तेवढ्या वेळात तात्याबा हवा खायला दाराबाहेर आले. ओट्यावर प्रोफेसर बसले होते, मांडीवर पुस्तक. आपण दूर कुठं जाऊन बसावं हे त्यांना सुचलं नव्हतं, कारण खोली दुपारपुरती दिली होती, ओटा नव्हे.

"रामराम," तात्याबा म्हणाले. "आपुन शेजारी का?"

प्रोफेसरांनी आयुष्यात चुकीची माहिती कुणाला दिली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "मी इथला भाडेकरू."

"म्हंजी पल्याडच्या खोलीतलं?"

"याच खोलीतला. सत्तर नंबर." आणि एवढ्यानं पाहुण्यांचा घोटाळा होईल असं वाटून त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं: गोल, पत्रा, माळ, करार. करार फेब्रुवारीपर्यंत आहे, त्यानंतर खोली या बाईंना मिळण्याचा संभव आहे, पण नव्या भाड्यानं, आणि ते भाडं त्यांच्या मिळकतीच्या मानानं अवघड आहे, हेही सांगितलं. ते तळमळीनं बोलत होते. या बाईवर अन्याय झाला आहे, असं ते दोनदा म्हणाले.

तात्याबांनी आत येऊन चहा घेतला. पेला पालथा घातला नाही, नीट खाली ठेवला. पटका सारखा केला.

"पोरीला इचारतो आन कळवतो," ते म्हणाले.

उंब्रजात काय किंवा रहिमतपुरात काय, पोरीला विचारायची रीत कुठंच नव्हती. हुसेनबीनं सतरंजी गुंडाळली.

"मी काही खोटं बोललो नाही ना?" प्रोफेसरांनी विचारलं.

"न्हाई, मास्तर," रंगुबाई म्हणाली. "तुमी एक शबुद खोटा बोलला न्हाई."

चैत्रात नाथाजी आला. आठ दिवस आईबरोबर ओवरीत राहिला, ट्रंकेवर बसून आल्यागेल्याला इटलीतल्या दगडी घरांच्या गोष्टी सांगितल्या, आणि नवव्या दिवशी मुंबईला गोदीत काम बघायला निघून गेला. जाताना येतो म्हणाला. प्रोफेसरांनी पुरवणी कार्डावर लिहिलं: तरुणांचं स्थलांतर, रोजगाराच्या ओढीनं.

आता एकच काम राहिलं होतं. वीसपैकी एकोणीस कार्डं भरली होती आणि विसावं कोरं होतं. सत्तर नंबर. नमुन्यातलं घर बदलायचं नाही, आणि गाळायचं तर मुळीच नाही. प्रोफेसरांनी एक संपूर्ण सकाळ यावर विचार केला. त्यांना मोह झाला नाही असं नाही. रंगुबाईची जुनी माहिती घालता आली असती, पण ती त्या घरात राहत नव्हती. तसं लिहिणं खोटं ठरलं असतं. शेवटी ते खुर्चीत ताठ बसले, पाय जात्यावर ठेवले आणि स्वतःला एकेक प्रश्न विचारून उत्तर लिहीत गेले. खोलीत राहणारी माणसं, एक. मासिक प्राप्ती, सव्वादोनशे रुपये. भाडं, बारा. घर सोडण्याचा विचार, नाही. घरकामाला माणूस ठेवलं आहे का, होय, बाई एक.

गिरणीच्या हजेरीपटावरून मागच्या वर्षीच्या महिन्याच्या मिळकतीची घरटी सरासरी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. ती अठरा रुपये होती. एकोणीस घरांचा हिशेब या वर्षी साडेतेवीसवर गेला होता. सत्तर नंबर मिळवल्यावर तो साडेतेहतीस झाला. प्रोफेसरांनी बेरीज तीनदा तपासली. बेरीज बरोबर होती.

अहवाल पावसाळ्यात छापून आला. त्याचं कौतुक झालं. वरच्या एका समितीनं त्यातले आकडे घेतले, आणि समितीचं म्हणणं एका वर्तमानपत्रानं कोष्टकासकट छापलं. ते वर्तमानपत्र गिरणीच्या दिवाणजींच्या टेबलावर होतं, त्या दिवशी बाया कापलेला अर्धा आणा आणि जमलं तर चालायचे दोन आणे परत मागायला आल्या. बोलणार हुसेनबी होती. तिनं सुरुवात करायच्या आत दिवाणजींनी चष्मा लावला आणि हसत मोठ्यानं वाचून दाखवलं. या भागातल्या श्रमिकांची मिळकत एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाली आहे. घरांची टंचाई भासते तेवढी नाही. कित्येक मजूर घरं स्वेच्छेनं सोडताना आढळले. राहणीमान सुधारलं असून, काही घरांतून घरकामाला बाई ठेवण्याची प्रथाही दिसू लागली आहे.

"तुमच्याच आळीचं आहे हे," ते म्हणाले. "छापील. आता बोला."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मिळकतीचं सोडा, ते सरकारचं काहीतरी असेल. पण कामाला बाई ठेवल्याचं कुणी लपवून ठेवलं होतं, हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं. दोघीतिघींनी मनुबाईकडं पाहिलं. ती आधीपासूनच वरचढ वागायची.

"माझ्याकडं काय बघताय?" मनुबाई म्हणाली. "माझ्यात कोन येतंय भांडी घासाय?"

"मंग हाय तरी कोन ती सावकारीन?" हुसेनबी म्हणाली. "नाव तरी कळू दे."

दिवाणजींनी कागद चाळला. नावं नव्हती, कोष्टकात नुसते आकडे होते. "घर नंबर सत्तर," ते म्हणाले.

सगळ्या रंगुबाईकडं वळल्या. तिनं पदर खोचलेला होता. चार वाजता तिला सत्तर नंबर सारवायचा होता.

"त्यो तर तुजा नंबर, रंगू," हुसेनबी म्हणाली.

"व्हय," रंगुबाई म्हणाली. "बराबर लिवलंय. माज्या घरात म्याच हाय कामाला."